रात्री ज्याचं नाव घेत नाहीत

यंदा फाल्गुनात आईला नागीण झाली. आधी दोन दिवस डाव्या बरगडीखाली नुसती आग, मग तांबडे ठिपके, मग पाण्यानं भरलेले फोड. पाठीच्या कण्यापासून निघून पोटाकडे वळलेली ती फोडांची ओळ खरोखरच काहीतरी सरपटत चालल्यासारखी दिसत होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, मलम दिलं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या मावशी बघायला आल्या आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "तोंड कुठवर आलंय?"

नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस वाचत नाही, ही समजूत मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्या संगमेश्वराकडच्या गावात नागीण उतरवणारी एक म्हातारी होती. ती काव उगाळून फोडांच्या पुढे आडवी रेघ ओढायची आणि तिथून पुढे जायचं नाही असं त्या दुखण्याला बजावायची. बहुतेक वेळा नागीण खरंच थांबायची, कारण ती तशी थांबणारीच असते. कांजिण्यांचा विषाणू लहानपणी अंगात शिरतो, कांजिण्या बऱ्या होतात, पण तो जात नाही. कण्याजवळच्या मज्जातंतूंच्या गाठीत पन्नास पन्नास वर्षं निजून राहतो. अंगातली शक्ती उतरली की जागा होतो आणि एका मज्जातंतूचा माग धरून कातडीपर्यंत येतो. हे तंतू शरीराच्या एकेका बाजूचे असल्यामुळे फोड सहसा मधली रेघ ओलांडत नाहीत. तोंड आणि शेपूट जुळत नाही ते त्यामुळे.

मला मात्र त्या आठवड्यात शब्दानं धरून ठेवलं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'हर्पिस' लिहिलं होतं. हा मूळचा ग्रीक शब्द, 'हेर्पेइन' म्हणजे सरपटणे या क्रियापदावरून आलेला. त्याचंच लॅटिन भावंड 'सेर्पेरे', ज्यातून इंग्रजीतला 'सर्पंट' आला. आणि तिसरं भावंड संस्कृतातलं 'सृप्', ज्यातून आपला सर्प, साप आणि सरपटणं आलं. एकमेकांचं तोंड न पाहिलेल्या वैद्यांनी आणि म्हाताऱ्यांनी या दुखण्याला सापाचंच नाव दिलं. मी हे मोठ्या उत्साहानं आईला सांगायला गेले. दिवेलागण झाली होती. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"अगो, रात्रीचं नाव नको घेऊ त्याचं."

आमच्या घरात सूर्य मावळल्यावर साप हा शब्दच नव्हता. दिवसा साप असे, रात्री 'जनावर' असे, 'लांबडं' असे, किंवा नुसतं 'ते'. मागीलदारी ते दिसलं, गडग्यावरून ते गेलं. चावला असंही म्हणायचे नाहीत, 'पान लागलं' म्हणायचे. झोपताना आजी "आस्तिक, आस्तिक, काळभैरव" असं तीनदा पुटपुटायची आणि मग कंदिलाची वात खाली करायची. नाव घेतलं की ते येतं, हा तिचा पक्का विश्वास होता.

गंमत अशी की ज्याचं नाव रात्री घ्यायचं नाही, त्याला आपल्याइतकी नावं क्वचितच कुणी दिली असतील. अमरकोशात सापाच्या नावांचे श्लोकच्या श्लोक आहेत आणि एकेक नाव म्हणजे कुणीतरी उकिडवं बसून, श्वास रोखून केलेलं निरीक्षण आहे. उरग, म्हणजे छातीनं चालणारा. जिह्मग, वाकडा चालणारा. बिलेशय, बिळात निजणारा. पवनाशन, वारा खाऊन राहणारा: पोटभर खाल्लेला साप पुढे कित्येक दिवस, कधी आठवडेच्या आठवडे काही खात नाही, तेव्हा पाहणाऱ्याला असं वाटलं तर नवल नाही. चक्षुःश्रवा, डोळ्यांनी ऐकणारा. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीतली कंपनं त्याला जबड्याच्या हाडांतून कळतात, हवेतला खालच्या पट्टीचा आवाजही थोडाफार कळतो, पण गारुड्याच्या पुंगीपुढे नाग डोलतो तो सुरावर डोलत नसतो, हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून असतो. डोळ्यांनी ऐकतो म्हणजे नेमकं हेच.

माझं सगळ्यांत आवडतं नाव आहे गूढपाद. ज्याचे पाय लपलेले आहेत असा. अजगराच्या आणि मांडुळाच्या शेपटीच्या मुळाशी, पोटाकडून, दोन बारीक नख्या असतात. मागच्या पायांचं ते उरलेलं चिन्ह. कोट्यवधी वर्षांपूर्वी सापांचे पूर्वज पायांवर चालत होते, त्याची खूण. ज्यानं हे नाव ठेवलं त्याला उत्क्रांती ठाऊक असण्याचा प्रश्न नाही. पाय नसताना हे चालतं कसं, याचा अचंबा मात्र त्याला वाटला आणि त्यानं 'पाय नाहीत' असं न म्हणता 'पाय दिसत नाहीत' असं म्हटलं. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. कच्छमधल्या पानंध्रोच्या लिग्नाइट खाणीत एका प्रचंड सापाचे मणके सापडले. सुमारे 4 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीचा, 11 ते 15 मीटर लांबीचा असावा असा अंदाज. 2024 साली त्याला शास्त्रीय नाव देण्याची वेळ आली तेव्हा शास्त्रज्ञांनी ठेवलेलं नाव आहे 'वासुकी इंडिकस'.

नाग या शब्दाचं तर वेगळंच. संस्कृतात नाग म्हणजे हत्तीही आणि शिसं हा धातूही, म्हणून आयुर्वेदातलं नागभस्म हे शिशाचं. योगवाल्यांच्या लेखी ढेकर देणारा वायूही नागच. मराठीत नागवेल, नागकेशर, नागमोडी वळण, तिकडे नाग नदीच्या काठचं नागपूर. आणि आपल्या नागाचं शास्त्रीय नाव 'नाजा नाजा', तेही याच शब्दावरून घेतलेलं. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीला कुंकवानं न्हालेलं, वेटोळं करून निजलेलं नागाचं पिल्लू म्हटलं आहे. त्या पिल्लाविषयी त्यात कुठेही भीती नाही, उलट बाळ निजलंय, हळू बोला, अशी माया आहे. आईच्या कण्याशी निजलेल्या त्या विषाणूचा विचार करताना मला ते पिल्लू आठवत राहिलं.

पण कोकणातल्या घरात माया नंतरची, भीती आधीची. आणि आमच्या घरात त्या भीतीला कारण होतं.

1983 सालचा आषाढ. मी नऊ वर्षांची होते. माझे धाकटे काका पडवीत जमिनीवर घोंगडी टाकून निजले होते. पहाटे उठले ते पोट दुखतंय म्हणून. आदल्या रात्री फणसाची भाजी झाली होती, तेव्हा कुणाला वेगळं काही वाटलं नाही. आईनं ओवा आणि गरम पाणी दिलं. मग काकांना गिळता येईना. मग पापण्या मिटायला लागल्या. मिटत नव्हत्या, खाली पडत होत्या. अंगावर कुठे सूज नाही, जखम नाही. आजोबांना तेव्हा उमगलं आणि ते म्हणाले, "पान लागलंय याला." पण मग गावातल्या मांत्रिकाला बोलावणं गेलं, त्यानं कडुलिंबाचा पाला खायला दिला, कडू लागतो का विचारलं, आणि दोन तास असे गेले. तालुक्याच्या दवाखान्यात नेताना वाटेत, डोलीतच, काकांचा श्वास थांबला.

ही मण्यारीची रीत, आमच्याकडे तिला कांडर म्हणतात. ती रात्री हिंडते, पाली, उंदीर आणि दुसरे साप शोधत घरात येते, जमिनीवर निजलेल्या माणसाचा हात किंवा पाय आड आला तर चावते. दात इतके बारीक की झोपमोडही होत नाही. विष नसांवर चालतं. आधी पोटात कळ, मग पापण्या, मग जीभ, मग श्वासाचे स्नायू. नागाचंही विष नसांवरच चालतं, पण त्याचा दंश दुखतो, सुजतो. घोणस आणि फुरसं यांचं विष रक्तावर जातं. घोणशीला विदर्भात परड म्हणतात. प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखा फूत्कार टाकून ती आधी इशारा देते. आपल्याकडची सर्पदंशावरची लस या चौघांसाठी मिळून एकच आहे. घोड्याला थोडंथोडं विष टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या प्रतिद्रव्यांपासून ती करतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेत ती तेव्हाही बनत होती. आमच्या पडवीपासून तिच्यापर्यंतची वाट तेवढी लांब होती. ती अजूनही अनेकांना लांबच आहे. 2000 ते 2019 या वीस वर्षांत देशात सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशानं गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. त्यातली बहुतेक खेड्यातली, शेतावरची, जमिनीवर निजणारी. हा आकडा वाचते तेव्हा मला दर वेळी घोंगडी दिसते.

काका गेले त्याच दिवशी दुपारी न्हाणीघराच्या भिंतीत साप सापडला. काळपट, अंगावर पांढरे आडवे पट्टे. वडिलांनी त्याला बांबूनं मारला. किती वेळ मारत होते ते मला आठवतं. तो कधीच मेला होता. मण्यार सापडली, मेली, असं सगळे म्हणाले. शाळेतले गुरुजी आले, त्यांनी तो बाटलीत घालून शाळेत नेला. घरात सुतक होतं, रडारड होती, पण एक सुटकाही होती. त्या रात्री आम्ही सगळे निर्धास्त झोपलो.

पुढे शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात ती बाटली मी रोज पाहायची. गुरुजींच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: 'मण्यार. अतिविषारी.' तिच्याकडे पाहताना मला कधी वाईट वाटलं नाही. हिनं आमचे काका नेले, एवढंच वाटायचं.

चार वर्षांपूर्वी पुण्यात आमच्या सोसायटीच्या जिन्यात साप निघाला. अंगावर पांढरे पट्टे. मी ओरडले, "मण्यार!" सर्पमित्र म्हणून आलेला पोरगा विशीतला होता. त्यानं वाकून पाहिलं आणि हातानंच उचलला. "काकू, हा कवड्या. पाली खायला भिंतीवर चढतो. बिनविषारी आहे." मग त्यानं मला नीट दाखवलं. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे फिकट होत जातात. मण्यारीचे पट्टे डोक्यापासून थोडं अंतर सोडून सुरू होतात, शेपटीकडे स्पष्ट होत जातात, बहुधा जोडीजोडीनं. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या, षटकोनी खवल्यांची एक रांग असते, कवड्याला ती नसते. "नव्वद टक्के लोक कवड्याला मण्यार म्हणून मारतात," तो म्हणाला. टक्केवारी त्याच्या मनाची असेल, पण माझ्या पोटात खड्डा पडला. मी जिन्यातच बसले. ती बाटली मला इतकी पाठ होती की पुन्हा पाहायची गरजच नव्हती. पहिला पट्टा मानेवर होता.

महाभारतात रुरूची गोष्ट आहे. ती आस्तिकाच्या आधी येते आणि फारशी कुणी सांगत नाही. रुरूची वाग्दत्त वधू प्रमद्वरा खेळताना सापावर पाय पडून मेली. रुरूनं आपलं अर्धं आयुष्य देऊन तिला परत मिळवलं, पण मनातला राग गेला नाही. दिसेल तो साप दंड्यानं मारायचा, असा त्यानं नेम धरला. एक दिवस रानात त्याला एक म्हातारा डुंडुभ दिसला. डुंडुभ म्हणजे बिनविषारी साप. रुरूनं दंडा उगारला तेव्हा तो बोलला. त्यानं म्हटलं ते असं: माणसांना चावतात ते साप वेगळे; नुसता सापाचा वास येतो एवढ्यासाठी आम्हा डुंडुभांना मारू नकोस. पुढे त्याची कथाही येते. तो मुळात ऋषी. थट्टेत गवताचा साप करून यज्ञाला बसलेल्या मित्राला घाबरवलं, मित्र भयानं बेशुद्ध पडला आणि शुद्धीवर येताच त्यानं शाप दिला, तू असाच बिनविषाचा साप होशील. 'अहिंसा परमो धर्मः' हे जे वाक्य आपण भाषणांतून ऐकतो, ते आदिपर्वात याच डुंडुभाच्या तोंडी आहे. उगारलेल्या दंड्याखालून वाचलेल्याच्या तोंडी. आमच्या न्हाणीघरातल्या त्या जीवाला वाचा नव्हती.

त्याच पर्वात पुढे जनमेजयाचं सर्पसत्र येतं. बापाला तक्षकानं मारलं म्हणून सगळं सर्पकुळ आगीत. सत्र थांबवतो तो आस्तिक, ज्याची आई वासुकीची बहीण आणि बाप ऋषी. म्हणून तर आजी त्याचं नाव घ्यायची. पण मला त्या आख्यानात सर्वांत हलवणारी जागा दुसरीच वाटते. आगीत पडलेल्या सापांची नावं सांग, असं विचारल्यावर कथा सांगणारा सूत ती कुळंवार सांगत जातो: वासुकीच्या कुळातले हे, तक्षकाच्या कुळातले हे. शेवटी म्हणतो, सगळे मोजणं अशक्य आहे, मुख्य तेवढे सांगितले. मेलेल्या सापांची नावं उच्चारावीत, असं त्या कवीला का वाटलं असेल? इंग्रजांच्या काळात आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारायला बक्षीस लावलेलं होतं. ढिगांनी फुरशी मारली गेली. तिथे कुणी नावं विचारली नाहीत, नग मोजले.

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा शाळेत गेले. बाटली होती. द्रव पिवळा पडलेला, साप फिकट झालेला, तरी पट्टे दिसत होते. मी पाठीवरच्या खवल्यांची रांग शोधली. मोठे खवले नव्हते. आताच्या बाईंना सांगितलं, त्यांनी कात्री आणि कागद दिला. मी नवी चिठ्ठी लिहिली, 'कवड्या. बिनविषारी.' जुनी चिठ्ठी काढताना ती फाटली नाही, अलगद सुटून आली. ती माझ्याकडे आहे.

त्या रात्री आईला सांगितलं. खरी मण्यार दुसरीच होती, ती कुठेतरी निघून गेली असेल, किंवा त्या रात्री घरातच असेल, आणि आम्ही सगळे तशाच जमिनीवर निजलो. आई काही बोलली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाली, "रात्रीचं कशाला ते."

नागिणीच्या दुखण्यात एक रात्र तिला अजिबात झोप आली नाही. अंगाला कापड लागलं तरी आग होत होती. मी पंख्यानं वारा घालत बसले होते. मधेच ती म्हणाली, "मी त्याला ओवा दिला गो." एक्केचाळीस वर्षांहून जास्त ती हे धरून होती. डूख सापच धरतो असं नाही. मी म्हटलं, "आई, मण्यारीनं पोट दुखतं हे तेव्हा कुणाला माहीत होतं?" ती म्हणाली, "त्यालाही कुठे माहीत होतं, आपल्याला कशाला मारतायत ते." हा 'तो' म्हणजे काका की कवड्या, हे मला आधी कळलं नाही.

नागपंचमीला आमच्याकडे तवा चढत नाही, विळी-सुरी चालत नाही, जमीन खणत नाहीत. हळदीच्या पानातल्या पातोळ्या उकडतात आणि घरभर त्या पानांचा वास सुटतो. नागाला दूध पाजायचं नाही एवढं आता आम्ही पाळतो. दूध हा त्याचा आहारच नाही. गारुडी आधी त्याला दिवसेंदिवस तहानेला ठेवतात म्हणून तो पितो आणि त्यानंच आजारी पडतो. पाटावरच्या गंधाच्या नागाला मात्र आई वाटीभर दूध ठेवते. नऊ नाग काढते, नावं घेत: अनंत, वासुकी, शेष, पद्मनाभ, कंबल, शंखपाल, धृतराष्ट्र, तक्षक, कालिय. त्या दिवशी नावं घ्यायची असतात, मोठ्यानं.

मग कहाणी होते. आटपाट नगरातली धाकटी सून. तिला माहेरचं कुणीच नाही. शेषभगवान मामा होऊन येतात आणि तिला आपल्या घरी नेतात. तिथे नागीण बाळंत होते, हिच्या हातात दिवा दिलेला असतो, पिल्लं वळवळताना पाहून ही घाबरते, दिवा पडतो आणि पिल्लांच्या शेपट्या भाजतात. ती पिल्लं मोठी होतात, आपल्या शेपट्या कुणामुळे गेल्या हे कळतं, आणि सूड घ्यायला तिच्या घरी येतात. नेमका नागपंचमीचा दिवस. ही पाटावर नाग काढून, लाह्या-दूध ठेवून म्हणते आहे, माझे भाऊ लांडोबा-पुंडोबा जिथे असतील तिथे खुशाल असोत. ते तिथेच थबकतात. लांडोबा म्हणजे शेपूट तुटका. आपल्या हातून झालेली जखमच तिनं नावात ठेवली आहे आणि तेच नाव घेऊन ती खुशाली मागते आहे. लहानपणी मला ही नावं गमतीची वाटायची, आम्ही पोरं हसायचो.

यंदा आईला बसवत नव्हतं. बरगडीवर डाग राहिलेत, मधूनच कळ येते. तरी पाट पुढ्यात घेऊन चंदनाच्या गंधात बोट बुडवून तिनं नऊ नाग काढले. खाली लांडोबा-पुंडोबा काढले, आखूड शेपटांचे. मग कोपऱ्यात आणखी एक लहानसा काढला आणि त्याच्या अंगावर, मानेपासून सुरू करून, आडव्या रेघा ओढल्या. शेपटीकडे येता येता बोटावरचं गंध संपलं, तिनं पुन्हा घेतलं नाही.

"हा कुठला गो?" मी विचारलं.

"बाटलीतला," ती म्हणाली, आणि त्याच्यापुढे चार लाह्या ठेवल्या.